रॉयल मॅजेस्टी, १९९५ : पडद्यावर आकडे चालू, वर अँटेनाची वायर सुटलेली

१० जून १९९५ च्या रात्री १० वाजून २५ मिनिटांनी ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यालगत वाळूत रुतलं. जागा होती रोझ अँड क्राउन शोल, म्हणजे नॅनटकेट बेटाच्या पूर्वेला सुमारे १० मैलांवरचा पाण्याखालचा उथळ वाळूचा पट्टा. (या लेखात मैल म्हणजे सगळीकडे सागरी मैल.) जहाजावर १,५०९ माणसं होती. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, पण दुरुस्ती आणि बुडालेलं उत्पन्न मिळून सुमारे ७० लाख डॉलरचा खड्डा पडला. ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीतल्या, अधिकाऱ्यांच्या हिशेबाने जहाज त्या वेळी बोस्टनला जाणाऱ्या जहाजमार्गात होतं. तो हिशेब १७ मैलांनी चुकला होता.

जहाज जुनं म्हणाल तर नाही, १९९२ सालचं. ब्रिजवर जीपीएस, लोरान-सी, रडार, दिशा दाखवणारा जायरो कंपास, वेग मोजणारा डॉप्लर लॉग, पाण्याची खोली मोजणारा इको साउंडर आणि या सगळ्यांना जोडून घेऊन जहाज आपोआप चालवणारा ऑटोपायलट, असा सगळा सरंजाम होता. हवा बरी होती. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, पुढे या प्रकरणाचा सविस्तर अहवाल काढला. जीपीएस वापरणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कंटेनर जहाजाचा सेकंड ऑफिसर असो की हर्णैचा तांडेल, हे प्रकरण एकदा नीट समजून घ्यावं असं मला वाटतं. पुस्तकात व्याख्या म्हणून पाठ केलेले शब्द इथे एकेक करून कामाला लागलेले दिसतात.

५२ मिनिटं

जहाज ९ जूनला दुपारी १२ वाजता बर्म्युडाच्या सेंट जॉर्जेसहून बोस्टनला निघालं. निघण्याआधी उपकरणं तपासली होती, सगळी व्यवस्थित होती. निघाल्यावर साधारण ५२ मिनिटांनी जीपीएसला उपग्रहांचे संदेश मिळणं बंद झालं.

कारण अगदी फालतू. त्याच वर्षी फेब्रुवारीत जीपीएसची अँटेना नव्या जागी हलवली होती, आणि तिची वायर वरच्या डेकवर उघडीच टाकलेली होती, नीट बांधलेली नव्हती. ती जोडापासून सुटली. मिठाची हवा, हलणारं जहाज, वर कामाला येणारी-जाणारी माणसं. ज्याने बोटीवर वायरिंग केलंय त्याला यापुढे सांगायला नको.

संदेश बंद झाल्यावर यंत्राने काय करावं? एक मार्ग असा, की अक्षांश-रेखांशाच्या जागी रेघा दाखवाव्यात आणि कोणीतरी हात लावेपर्यंत बोंबलत राहावं. या यंत्राने दुसरा मार्ग धरला. त्याने सेकंदभर, मनगटी घड्याळासारखा बारीक ‘पीप’ आवाज केला आणि ते डेड रेकनिंगवर गेलं.

डेड रेकनिंग म्हणजे शेवटची खरी जागा धरायची, जायरो सांगतो ती दिशा आणि लॉग सांगतो तो वेग घ्यायचा, आणि ‘एवढ्या वेळात आपण इथवर आलो असू’ असा हिशेब मांडत जायचं. शेकडो वर्षं दर्यावर्दी हेच करत आले, त्यात वाईट काही नाही. खोट एवढीच, की वारा, लाटा आणि पाण्याचा ओढ या हिशेबात येत नाहीत. जहाजाचं नाक उत्तर-वायव्येला आहे एवढं जायरोला कळतं. अख्खं जहाज त्याच वेळी पाण्याबरोबर बाजूला सरकतंय, हे त्याला कळायला मार्ग नाही.

‘रॉयल मॅजेस्टी’ नेमकं तसंच सरकत होतं. वारा आणि लाटा पूर्व-ईशान्येकडून होत्या, त्या जहाजाला नैऋत्येच्या अंगाने पश्चिमेला ढकलत होत्या. ढकलण्याचा जोर किती? १७ मैल, तेहेतीस-चौतीस तासांत. म्हणजे ताशी अर्धा मैल. जहाज ताशी १४ मैलांच्या आसपास चालत होतं, तेव्हा कोनात मोजलं तर फरक जेमतेम २ अंशांचा. एवढा फरक ब्रिजवर उभं राहून कोणाला जाणवणार नाही, आणि कोणाला जाणवलाही नाही.

पडद्यावर मात्र अक्षांश-रेखांश थाटात बदलत होते, मिनिटांच्या दशांशासकट. खाली कोपऱ्यात ‘डीआर’ आणि ‘एसओएल’ अशी बारकी अक्षरं आली होती, जागा डेड रेकनिंगने काढलेली असल्याची खूण म्हणून. जागेचे आकडे मोठे, ही अक्षरं लहान. पुढच्या सगळ्या पाळ्यांत ती कोणाच्या नजरेत भरली नाहीत. यंत्राला बाहेरचा मोठा भोंगा जोडण्याची सोय होती, तो जोडलेला नव्हता.

दोन साक्षीदार, पण एकाच घरचे

आता या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा भाग. जीपीएस गप्प राहिला हे समजू शकतं, पण ऑटोपायलट का गप्प राहिला? तो तर स्वतः तपासणी करणारा होता.

हा ऑटोपायलट ‘नॅव्ह’ मोडमध्ये होता. म्हणजे नुसती दिलेली दिशा धरत नव्हता, तर आखलेल्या रेषेवर जहाज ठेवत होता. रेषेपासून डावी-उजवीकडे किती सरकलो, याला क्रॉस ट्रॅक एरर म्हणतात. तो काढायचा तर आपली खरी जागा ठाऊक हवी, आणि ऑटोपायलटला ती जीपीएसकडून मिळत होती. जीपीएसची जागा चुकीची असेल तर क्रॉस ट्रॅक एररही चुकीचा. पडद्यावर तो चोवीस तासांनंतरही शून्याच्या आसपास दिसत असणार, कारण ऑटोपायलट इमानेइतबारे एका काल्पनिक जहाजाला रेषेवर ठेवत होता. खरं जहाज शेजारून निघून चाललं होतं.

जीपीएस आणि ऑटोपायलट एकमेकांशी एनएमईए ०१८३ या ठरलेल्या भाषेत बोलतात. त्यातल्या ओळीत जागेबरोबरच ही जागा धरण्याजोगी आहे की नाही, हे सांगणारी खूण असते. जीपीएसच्या बाजूने ती खूण जात होती, ‘अवैध’ म्हणून. ऑटोपायलट ती खूण वाचतच नव्हता. ज्यांनी ऑटोपायलट बनवला त्यांनी गृहीत धरलं होतं, की स्वतःला जीपीएस म्हणवणारं यंत्र डेड रेकनिंगची जागा पाठवणार नाही. संदेश गेले तर ते काही पाठवायचंच थांबेल. ज्यांनी जीपीएस बनवला त्यांनी धरलं, की आपण खूण पाठवली म्हणजे समोरचा ती वाचेल. दोघेही आपापल्या जागी शहाणे. मधल्या फटीत मात्र १,५०९ माणसं होती.

तरी ऑटोपायलटकडे आणखी एक कुंपण होतं. तो स्वतःही जायरो आणि लॉगवरून डेड रेकनिंग करत असे आणि आपलं उत्तर जीपीएसच्या जागेशी ताडून बघत असे. दोन्हींत फार अंतर पडलं की घंटा. ऐकायला झकास. पण आता जीपीएसही त्याच जायरोवरून आणि त्याच लॉगवरून तोच हिशेब करत होता. दोघांचं उत्तर तंतोतंत जुळणार नाही तर काय होणार? जितकं जुळत होतं तितकं सगळं ठीक वाटत होतं.

आपल्याकडे नव्या बोटींवर प्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा), एआयएस (आपली जागा आसपासच्या जहाजांना कळवणारं यंत्र) आणि हातातला मोबाइल, तिन्हींवर एकच जागा दिसली की ‘तीन ठिकाणी बघितलं’ असं म्हणायची सवय पडलीय. प्लॉटर आणि एआयएस जर एकाच अँटेनावर असतील तर बघितलं एकाच ठिकाणी. मोबाइलची अँटेना वेगळी, तेवढा तो उपयोगाचा. पण उपग्रह त्याचेही तेच.

जे उपकरण बरोबर होतं

जहाजावर लोरान-सी होतं. ही जमिनीवरच्या मनोऱ्यांच्या रेडिओ लहरींवर चालणारी जुनी पद्धत, उपग्रहांशी तिचा काही संबंध नव्हता. अमेरिकेत ती २०१० मध्ये बंद झाली. ते यंत्र शेवटपर्यंत चालू होतं आणि बरोबर जागा दाखवत होतं. जीपीएसपासून काही पावलांवर.

अधिकारी दर तासाला नकाशावर जागा मांडत होते, शिस्तीत मांडत होते. पण ती जीपीएसची जागा होती. लोरान त्यांच्या लेखी ‘जीपीएस बंद पडला तर’ यासाठी ठेवलेलं. जीपीएस तर बंद पडलेला दिसत नव्हता, मग लोरानकडे बघायचं कशाला? जीपीएस तेव्हा नवीन होता, उपग्रहांचा ताफा त्याच वर्षी पूर्ण क्षमतेने चालू झाल्याचं अमेरिकेने जाहीर केलं. मुद्दाम अचूकता कमी ठेवण्याचं धोरणही तेव्हा लागू होतं, ते मे २००० मध्ये उठलं. तरीही शंभरेक मीटरच्या आत जागा सांगणारं यंत्र पहिल्यांदाच हाती आलं होतं, तेव्हा लोक त्याच्यावर भाळले यात नवल नाही.

इको साउंडरची गोष्ट तर आपल्या कोणाच्याही बोटीवर घडेल अशी. कीलखाली, म्हणजे जहाजाच्या तळाखाली, ३ मीटरपेक्षा कमी पाणी राहिलं की घंटा वाजावी, असा गजर समुद्रात लावायचा असतो. बंदरात पाणी कमीच असतं, घंटा सारखी वाजून डोकं उठवते, म्हणून तिथे तो शून्यावर आणतात. अपघातानंतर पाहिलं तर गजर शून्यावरच होता. शून्यावरचा गजर म्हणजे जहाज टेकल्यावर वाजणार.

बोया दिसला, पण कुठला?

१० तारखेची संध्याकाळ. बोस्टनच्या जहाजमार्गाच्या तोंडाशी ‘बीए’ नावाचा बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, होता. तिथून मार्ग ३३६ अंशांवरून सरळ उत्तरेला वळत असे. पावणेसातच्या सुमारास चीफ ऑफिसरला रडारवर डाव्या बाजूला पुढे, साधारण ७ मैलांवर एक ठिपका दिसला. बीए बोया ज्या वेळी, ज्या अंगाला दिसायला हवा, जवळजवळ तिथेच. त्याने मानलं की हाच तो. ठिपका दीड मैलावरून डाव्या हाताने मागे गेला. डोळ्यांनी मात्र बोया दिसला नाही, कारण मावळतीचं ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं. कॅप्टनने विचारलं तेव्हा रडारवर मिळाल्याचं सांगितलं गेलं. डोळ्यांनी खात्री झाली नाही, हे त्या सांगण्यात आलं नाही.

तो बोया दुसराच होता. एशिया रिप नावाचा, बुडालेल्या जहाजाच्या जागेवर खूण म्हणून ठेवलेला, बीएपासून सुमारे १५ मैल नैऋत्येच्या अंगाला. इतकं दुर्दैव क्वचित जमून येतं. पण त्यात दुर्दैव किती आणि सवय किती? आपण जिथे आहोत असं आधीच ठरवलंय, तिथे जे दिसायला हवं ते दिसलं, की माणूस पुढे तपासत नाही. बोयावर नाव असतं, दिव्याची उघडझाप ठरलेली असते. ‘बोया दिसला’ आणि ‘अमुक बोया दिसला’ यांत काही मैलांचं अंतर असू शकतं.

रात्री ८ ला सेकंड ऑफिसर पाळीवर आला. त्याने रडारचा पल्ला १२ मैलांवरून ६ वर आणला. त्यामुळे पश्चिमेला असलेलं नॅनटकेट बेट पडद्याबाहेर राहिलं. साडेआठच्या सुमारास टेहळणीवरच्या माणसाने डावीकडे पिवळा दिवा, मग उंचावर लाल दिवे दिसत असल्याचं सांगितलं. खोल समुद्रात, जमिनीपासून लांब असताना उंचावरचे लाल दिवे कशाचे? याच वेळी जवळच्या मासेमारी बोटींवरून रेडिओच्या चॅनल १६ वर, म्हणजे सगळी जहाजं ऐकतात त्या वाहिनीवर, एका प्रवासी जहाजाला हाका मारल्या जात होत्या, जागा सांगून. ती जागा ब्रिजवरच्या नकाशावर ‘रॉयल मॅजेस्टी’ची नव्हती, आणि उत्तर गेलं नाही. इथे मला त्या मच्छीमारांचं कौतुक वाटतं. त्यांना रोजचं पाणी माहीत होतं आणि एवढं मोठं जहाज इथे असायचं काम नाही, हे त्यांनी बघताक्षणी ओळखलं होतं.

पुढचा ‘बीबी’ बोया दिसला का, असं कॅप्टनने फोनवर विचारलं. सेकंड ऑफिसरने हो म्हटलं. तो त्याला दिसला नव्हता. रडारवरही नाही, डोळ्यांनीही नाही. नकाशावर मांडलेली जागा बोया मागे पडल्याचं सांगत होती, तेवढ्यावर त्याने हो म्हटलं. १० वाजता कॅप्टन ब्रिजवर येऊन नकाशा बघून गेला. मांडलेल्या खुणा रेषेवर होत्या. त्याला शंका यायचं कारणच उरलं नव्हतं.

१० वाजून १० मिनिटांच्या आसपास टेहळणीवाल्याने समोर निळं-पांढरं पाणी असल्याचं सांगितलं. उथळावर लाट फुटते तेव्हा पाणी असंच दिसतं, कोकणात पोराटोरांनाही हे कळतं. जहाज त्यातून पुढे गेलं. १० वाजून २० मिनिटांनी ते अचानक डावीकडे ओढलं गेलं, मग झटक्यात उजवीकडे, आणि कललं. सेकंड ऑफिसरने सुकाणू हाती घेतलं. कॅप्टन धावत आला, त्याने दुसरं रडार १२ मैलांवर लावून बघितलं. नॅनटकेट १० मैलांच्याही आत. उजवीकडे पूर्ण सुकाणू वळवण्याचा हुकूम निघाला, पण त्याआधीच जहाज बसलं. त्यानंतर लोरान पाहिलं. ते जहाजाची खरी जागा दाखवत होतं, आदल्या दिवसापासून दाखवत होतं तशीच.

पाच टगबोटींनी ओढून दुसऱ्या रात्री जहाज सोडवलं. एनटीएसबीने ठपका ठेवताना एका माणसावर थांबायचं टाळलं. अधिकाऱ्यांचा यंत्रावर फाजील विश्वास, कंपनीने न दिलेलं प्रशिक्षण, ब्रिजच्या एकत्रित यंत्रणेची सदोष रचना, आणि इतक्या खुणा मिळूनही सेकंड ऑफिसरने काही न करणं, हे सगळं कारणांत धरलं. मला हे वाटप योग्य वाटतं. तरी एकच दुवा निवडायला सांगितला तर मी लोरान न बघण्याकडे बोट दाखवीन. बाकी सगळं होऊनही तासाला एकदा ती एक नजर टाकली असती तर पहिल्याच संध्याकाळी घोळ उघडा पडला असता.

आपल्या पाण्यात हेच गणित

अर्धा मैल ताशी हा ओढ कोकण किनाऱ्यावर विशेष मानला जात नाही. पावसाळ्याच्या दिवसांत किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेला असतो, हिवाळ्यात उलटा उत्तरेला. भरती-ओहोटीचा मार खाडीच्या तोंडाशी वेगळाच. ताशी ७ मैलांनी चालणारी बोट ६० मैलांवरून परतताना नऊ तास घेते, तेवढ्यात अर्ध्या मैलाच्या ओढाने साडेचार मैल सरकते. बाणकोट किंवा दाभोळच्या खाडीचं तोंड गाठायचं असेल, किंवा रात्री वेंगुर्ला रॉक्सजवळून जायचं असेल, तर साडेचार मैल म्हणजे काय ते सांगायला नको.

हा ओढ पडद्यावर रोज दिसतो, फक्त बघायची सवय हवी. कंपासवर बोटीचं नाक किती अंशांवर आहे, ते हेडिंग. जीपीएस सांगतो तो कोर्स ओव्हर ग्राउंड, म्हणजे तळाच्या हिशेबाने बोट खरी कुठल्या दिशेने चाललीय. कंपास ९० आणि जीपीएस ८३ दाखवत असेल तर बोट उत्तरेला ओढली जातेय. (आपल्या किनाऱ्यावर चुंबकीय फरक अंशभराच्या आतबाहेर आहे, पण बोटीतल्या लोखंडाने कंपास किती चुकतो ते आधी माहीत हवं.) वेगाचंही तसंच: पाण्यातला वेग वेगळा, तळाच्या हिशेबाने वेग वेगळा. जिथे ओढ आहे हे आपल्याला पक्कं माहीत आहे, तिथे हे दोन आकडे तासन्‌तास अगदी सारखे दिसत असतील तर खुश होऊ नका. यंत्र उपग्रहांऐवजी कंपासकडूनच दिशा उचलत असल्याचं ते लक्षण असू शकतं.

पाण्याची खोली हा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त साक्षीदार. फिश फायंडर बहुतेक बोटींवर आहे आणि तो उपग्रहाला ओळखतसुद्धा नाही. जुने तांडेल ‘अमक्या वाव पाण्यात आलो’ म्हणायचे (वाव म्हणजे सुमारे सहा फूट खोली), तेव्हा ती जागाच सांगत असत. नकाशावर जिथे २० वाव आहे तिथे बोटीखाली १२ निघाले, तर भरतीचा हिशेब करूनही ते जुळत नाही, आणि मग प्लॉटर काहीही म्हणो, वेग कमी करायचा.

खोलीची ही तपासणी आज जास्त गरजेची आहे, कारण वायर न सुटताही जागा चुकू शकते. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळच्या वीसेक जहाजांना आपली जागा जमिनीवरच्या विमानतळावर दिसू लागली. खोटे संदेश सोडून जीपीएसला फसवण्याचा, म्हणजे स्पूफिंगचा, तो प्रकार मानला जातो. आखातात आणि तांबड्या समुद्रात असे प्रकार वारंवार होतात, आणि तिथल्या जहाजांवर रत्नागिरी, रायगड, गोव्याची कितीतरी मुलं कामाला आहेत. इथे ‘रॉयल मॅजेस्टी’पेक्षा कठीण दशा अशी, की यंत्राच्या लेखी संदेश उत्तम असतो. खूण ‘वैध’ असते, पडद्यावर उपग्रहांच्या संदेशाचा जोर दाखवणारे खांब उंच असतात, अचूकतेचा आकडाही चांगला असतो. तेव्हा रडार, खोली, कंपास आणि किनाऱ्यावरचे दिवे एवढेच खरं बोलतात.

स्वतःच्या यंत्राचा स्वभाव मात्र जेट्टीवरच कळू शकतो. बोट बांधलेली असताना, यंत्र बंद करून, अँटेनाची वायर काढा आणि यंत्र चालू करा. मग वायर लावून, जागा येऊ देऊन, अँटेनावर धातूचं पातेलं पालथं घाला. ज्यांची अँटेना यंत्रातच आहे त्यांनी फक्त दुसरा प्रयोग करावा. बघायचं एवढंच: आवाज होतो का, इंजिन चालू असताना तो चाकापाशी ऐकू येतो का, आकडे जातात की तसेच राहतात, की पुढे सरकत राहतात. आकडे गेले तर ठीक. तसेच गोठून राहिले तर पडद्यावर घड्याळ आणि वेग कुठे दिसतो ते हेरून ठेवा, कारण चालत्या बोटीचा वेग आणि जागा दोन्ही हलत नसतील तर ती गोठलेली आहे. पुढे सरकत राहिले तर यंत्राच्या सेटिंगमध्ये डेड रेकनिंग बंद करता येतं का बघा. ऑटोपायलट जोडलेला असेल तर तो अशा वेळी काय करतो, तेही त्याच बैठकीत बघून घ्या, आणि वरची वायर दर हातभर अंतरावर बांधलेली आहे ना, हे परतताना.